क्वितोहून पत्र : सहलीआधीचा मोकळा दिवस

क्वितो, इक्वेडोर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

उद्या सकाळच्या विमानाने आम्ही गॅलापागोस बेटांवर निघणार आहोत. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात बहुतेक ठिकाणी परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय फिरता येत नाही, त्यामुळे पाय नेतील तिकडे जायला आजचाच दिवस हाताशी होता. तो सारा जुन्या क्वितोत घालवला आणि पावलोपावली तुझी आठवण झाली, कारण या शहराचे खरे वैभव लाकडाच्या आणि रंगाच्या कामात आहे.

युनेस्कोने 1978 साली जागतिक वारशाची जी पहिली 12 ठिकाणे जाहीर केली, त्यांत क्वितोही होते आणि गॅलापागोसही. शहर पिचिंचा ज्वालामुखीच्या पायथ्याशी 2,850 मीटर उंचीवर वसलेले आहे. गल्ल्या उभ्या चढाच्या असल्याने दर वळणावर दम खात चालावे लागते. व्यवहार 2000 सालापासून अमेरिकी डॉलरमध्ये चालतो. मोठ्या चौकात राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद आणि स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या 10 ऑगस्ट 1809 च्या उठावाचे स्मारक आहे. तिथे मी फार रेंगाळलो नाही.

रेंगाळलो तो सान फ्रान्सिस्कोच्या चर्चमध्ये. 1534 मध्ये स्पॅनिश फौजा येण्याआधी इंका सेनानी रुमिन्यावी याने हे नगर शत्रूच्या हाती पडू नये म्हणून जाळून टाकले, आणि त्यानंतर लवकरच फ्रान्सिस्कन साधूंनी या मठाची पायाभरणी केली. इथल्या साधूंनी स्थानिक मुलांसाठी शाळा काढली, तिथे चित्रकला आणि कोरीवकामही शिकवले जाई, आणि त्यातूनच पुढे ‘क्वितो शैली’ नावारूपाला आली. नमुने युरोपातून आले होते, पण काम करणारे हात प्रामुख्याने इथल्या मूलनिवासी आणि मिश्र वंशाच्या कारागिरांचे होते. त्यांपैकी बहुतेकांची नावेही उरलेली नाहीत, आणि मला हे फार लागते. बेर्नार्दो दे लेगार्दा आणि कास्पिकारा अशी मोजकीच नावे टिकली. लेगार्दाने 1734 मध्ये घडवलेली पंखधारी मेरी मुख्य वेदीवर आहे. इतर मूर्ती निश्चल उभ्या असतात. ही मात्र सापावर पाय ठेवून, कंबरेत किंचित वळून, नृत्याच्या पवित्र्यात असल्यासारखी दिसते.

या मूर्तींची त्वचा तू जवळून पाहायला हवीस. लाकूड घासून गुळगुळीत केल्यावर त्यावर सरस घातलेल्या प्लास्टरचे थर द्यायचे, प्रत्येक थर पुन्हा घोटायचा, मग त्वचेचा रंग चढवायचा आणि शेवटी जनावराच्या ओल्या मूत्राशयाने तो हळूहळू चोळायचा, अशी ती रीत. गालावरची लाली वरून लावल्यासारखी न दिसता आतून उमटल्यासारखी वाटते. वस्त्रांसाठी आधी सोन्याचा किंवा चांदीचा वर्ख चढवून त्यावर रंग देत आणि तो नक्षीपुरता खरवडून खालची झळाळी वर आणत.

ला कोम्पान्यिया हे जेझुइट या ख्रिस्ती संघाचे चर्च जवळच आहे. 1605 मध्ये सुरू झालेले त्याचे काम 1765 मध्ये संपले. आत छतापासून खांबांपर्यंत सगळीकडे सोन्याचा वर्ख आहे, तरी मला त्याहून आवडला तो तिथला जिना: एका बाजूला खरा गोल जिना आहे आणि समोरच्या बाजूला, तोल साधावा म्हणून, हुबेहूब तसाच जिना नुसता भिंतीवर रंगवलेला आहे.

दुपारी एका खानावळीत लोक्रो दे पापा घेतले. हे बटाट्याचे दाटसर सूप असते, त्यात चीज आणि वर अ‍ॅव्होकॅडोच्या फोडी घालतात. आपल्याकडे उपासालाही चालणारा बटाटा मूळचा याच अँडीज पर्वतराजीतला, त्यामुळे तो इथे खाताना विशेष आनंद झाला.

शेवटी राष्ट्रीय नवसाच्या बासिलिकाचा, म्हणजे इथल्या एका भव्य चर्चचा, मनोरा चढलो. वर जायला छताच्या पोकळीतून लाकडी फळ्यांची अरुंद वाट आहे आणि पुढे उभ्या शिड्या. युरोपातल्या चर्चवर जिथे राक्षसी मुखे कोरतात, तिथे या इमारतीच्या भिंतींतून कासवे, इग्वाना नावाचे मोठे सरडे आणि खवल्यांचे आर्मडिलो बाहेर डोकावतात. ज्यांच्यासाठी उद्या समुद्र ओलांडायचा, ती कासवे आणि इग्वाना आज दगडात भेटले. वरून समोरच्या एल पानेसियो टेकडीवर लेगार्दाच्या त्याच मेरीची ॲल्युमिनियमची महाकाय प्रतिकृती दिसते. ती सुमारे 7,000 तुकडे जोडून उभी केली आहे. भव्य खरी, पण मूळ मूर्तीची लय तिच्यात उतरलेली नाही, असे माझे स्पष्ट मत झाले.

सान फ्रान्सिस्कोच्या मठातले संग्रहालय पाहायचे राहिले आहे. परतीच्या वाटेवर इथे पुन्हा मुक्काम आहे, तेव्हा ते पाहीन. तोवर सावंतवाडीचे चितारी लाकडावर रंगाआधी कसले अस्तर देतात आणि ते कशाने घोटतात, हे मला सविस्तर लिहून पाठव, म्हणजे इथल्या मूर्तींसमोर उभे राहून मला दोन्ही रीती ताडून पाहता येतील. वहिनींना नमस्कार आणि मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद