वाळपईहून, नाशिकच्या मास्तरास

प्रिय रमेश,

सप्रेम नमस्कार.

पोलीस अकादमीत पोरांना कायदा शिकवतोस, पण लोक पोलिसांबद्दल काय बोलतात ते तुझ्यापर्यंत पोचत नाही म्हणतोस. मग ऐक, गोड लागणार नाही.

इकडे चहाच्या टेबलावर विषय निघाला की सगळ्यांचं औषध एकच: ‘पोलिसांना नीट ट्रेनिंग द्या.’ मला हसू येतं. गोवा पोलिसांचं ट्रेनिंग स्कूल आमच्या वाळपईतच आहे. तिथली पोरं रस्त्यात भेटली तर अदबीने ‘काका’ म्हणतात. हीच पोरं पुढे ठाण्यात मान वर न करता ‘काय पाहिजे?’ विचारतात. शाळेतलं पुसायला एक मुरलेला हवालदार पुरतो.

शेजाऱ्याची मोटरसायकल चोरीला गेली. ठाण्यात म्हणाले, साधा अर्ज लिहून ठेवा. दखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात अशा चोरीसारख्या गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवायलाच हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. ते त्या पोलिसाला ठाऊक नसेल? छे! नोंदवला की तपास आला, आणि तपासाला माणूस कुठून आणायचा? नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त म्हणजे चर्चचा उत्सव, लगेच नाताळ आणि नववर्ष. रात्रभर किनाऱ्यावर बंदोबस्त करून आलेल्याने सकाळी पंचनामा लिहायचा. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा म्हणून सांगितलं, ते उगाच नव्हे.

पण खरी गोम पुढे आहे. शेजारी ठाण्यातून निघाला तो थेट आमदारांकडे. एक फोन गेला आणि संध्याकाळी एफआयआर झाला! सगळे खूश. आमच्या विधानसभेत आमदार चाळीस, एकेकाच्या वाट्याला पंचवीस-तीस हजार मतदार. तो लग्नाला येतो, बाराव्याला येतो, घरोघरची माणसं ओळखतो. आज आपल्यासाठी गेलेला फोन उद्या आपल्याविरुद्धही जातो, हे मात्र कुणी बोलत नाही. ठाणेदाराला किमान दोन वर्षं हलवू नका, बदल्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या आस्थापना मंडळाकडे द्या, हे प्रकाश सिंह खटल्याच्याच निकालात आहे. तसं खरंच झालं तर तो फोन चालेनासा होईल. मग सुधारणा हवी म्हणणारे किती उरतील, शंकाच आहे. माझ्या मते लोकांची ही फोनची सवय १८६१ च्या जुन्या पोलीस कायद्याइतकीच सुधारणेच्या आडवी येते.

सीसीटीव्हीबद्दल विचारलंस. ठाण्यात कॅमेरे हवेतच, सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा तसा आदेश चांगला आहे. पण चित्रण मागायला सामान्य माणूस जातो कुठे?

पोलिसांविरुद्ध तक्रार ऐकायला पणजीत प्राधिकरण आहे, तेही २००६ च्या त्या निकालामुळेच. आमच्या सत्तरी तालुक्यातल्या किती जणांना माहीत असेल? मी शेजाऱ्याला सांगितलं, एफआयआर का टाळला म्हणून तिथे तक्रार कर. म्हणाला, ‘बघतो, आधी आमदारांना विचारतो.’

तू एक कर. वर्गात कलमं घोकून घेण्यापेक्षा एकाला तक्रारदार कर, दुसऱ्याला ठाणे अंमलदार, आणि बाकीच्यांसमोर एफआयआर लिहून घे. मध्येच आमदारांचा फोनही वाजव. पोरं काय करतात ते मला सविस्तर कळव.

वहिनींना नमस्कार. चतुर्थीला येणार असलास तर आधी कळव.

तुझा,
विनायक