एका बोटाच्या गेमचे पैसे भरले, आता तक्रार ऐका

प्रति,
ग्राहक साहाय्य विभाग

विषय : 'जाहिराती कायमच्या काढा' ही खरेदी करूनही जाहिराती दिसणे आणि नव्या अपडेटनंतर टॅप उशिरा लागणे.

महोदय / महोदया,

ॲपमधल्या मदतीच्या चौकटीतून याच विषयावर मी तुम्हाला तीनदा लिहिलं. पहिल्या दोन वेळा 'तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' एवढंच छापील उत्तर आलं. तिसऱ्या वेळी माणसाने लिहिलंय असं वाटणारं उत्तर आलं, आणि खरं म्हणजे त्या उत्तरामुळेच हे लांबलचक पत्र लिहायला बसले. चौकटीत पाचशे अक्षरांच्या पुढे जाता येत नाही. इथे ती अडचण नाही.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे फुकट खेळून वर कुरकुर करणारी म्हणून माझी बोळवण होणार नाही. दीड वर्षापूर्वी माझं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. डावा अंगठा तेवढा मोकळा, तोही फोन सावरून उरेल तितकाच. एका अंगठ्याने चालायचं आणि दुसऱ्याने उडी मारायची असले सगळे गेम आपोआप बाद झाले. शोधता शोधता तुमचा गेम सापडला. काळा पडदा, त्यावर एक वर्तुळ, वर्तुळाच्या कडेने फिरणारा पांढरा ठिपका. टॅप केलं की ठिपका सुटतो आणि पुढच्या वर्तुळाला जाऊन चिकटतो. नेम चुकला की आउट. बस्स. शिकवणी नाही, गोष्ट नाही, नाण्यांची थैली घेऊन नाचणारं कुणी नाही. पहिल्या दिवशी माझी मजल नऊ वर्तुळांपर्यंत गेली. प्लास्टर निघालं तेव्हा माझा उच्चांक १४३ होता, आणि मनगट बरं झाल्यावरही मी डाव्या अंगठ्यानेच खेळत राहिले.

तेव्हा गेम फुकट होता आणि दर तिसऱ्या डावानंतर जाहिरात लागायची. त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. फुकट खेळायचं तर कुठेतरी मोल द्यावं लागणारच. पण आठवड्याभरात मला जाहिराती नकोशा झाल्या आणि मी 'जाहिराती कायमच्या काढा' हे बटण दाबून पैसे भरले. 'कायमच्या' हा शब्द तुमचाच आहे. पावतीवरही तोच आहे.

माझ्या धाकट्या भावाला हे कळलं तेव्हा तो हसला. "एकदा टॅप करायच्या गेमला पैसे? असले गेम फुकटात ढिगाने पडलेत." यावरून आमचं चांगलंच वाजलं, आणि तेव्हा मी तुमची बाजू घेतली होती हे मुद्दाम नोंदवते. त्याचं म्हणणं, गेममध्ये आहे तरी काय? मी म्हटलं, कमी आहे म्हणून स्वस्त समजू नकोस. २००९ साली ॲडम सॉल्ट्समनने 'कॅनबाल्ट' केला. माणूस इमारतींच्या गच्च्यांवरून आपला आपण धावतो, आपण फक्त उडी मारायची, बटण एकच. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने व्हिडिओ गेम्स संग्रहात घ्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या चौदांत तो होता. २०११ च्या 'टायनी विंग्ज'मध्ये बोट दाबलं की पक्षी खाली झेपावतो, सोडलं की वर तरंगतो. तो आंद्रेआस इलिगर या एकट्या माणसाने केला, आणि लोकांनी तो पैसे मोजून घेतला. उडी कधी लागावी, पडताना वजन किती जाणवावं, चुकलं तर चूक आपलीच वाटावी, हे सगळं एका टॅपमध्ये बसवायचं म्हणजे महिनोन्महिने घासावं लागतं. चार बटणांच्या गेममध्ये एखादं बटण जरा ढिलं असलं तर खपून जातं. इथे लपायला जागाच नाही.

भावाने अर्थातच 'फ्लॅपी बर्ड' काढला. तोही एका टॅपचा, तोही फुकट. बरोबर आहे. व्हिएतनामच्या डाँग न्गुयेनने तो २०१३ मध्ये आणला, २०१४ च्या सुरुवातीला तो जगभर पसरला आणि त्याच फेब्रुवारीत त्याने स्वतःहून तो स्टोअरमधून काढून टाकला. जाहिरातींवर रोज ५०,००० डॉलरच्या आसपास मिळत असल्याच्या बातम्या तेव्हा होत्या. म्हणजे फुकट गेमवरही पैसा मिळतोच, मग तू कशाला भरतेस, हा भावाचा मुद्दा. तिथे मी त्याला जे सांगितलं तेच आता तुम्हाला सांगायची वेळ आली आहे.

मी पैसे भरले ते वर्तुळांसाठी नाही, ठिपक्यासाठीही नाही. वर्तुळं फुकटातही दिसत होती. मी विकत घेतला तो दोन डावांमधला क्षण. तुमच्या गेममध्ये आउट झाल्यावर उचललेलं बोट परत टेकेपर्यंत नवा डाव सुरू झालेला असायचा. 'अरेच्चा' म्हणायलाही वेळ नाही. एका टॅपच्या गेमची सगळी गंमत तिथेच असते. माझा एक डाव सरासरी वीस सेकंदांचा; दहा मिनिटांत तीस डाव. दर तिसऱ्या डावाला जाहिरात म्हणजे दहा मिनिटांत दहा जाहिराती. तासभराचा एक टप्पा असलेल्या गेममध्ये मधे एखादी जाहिरात लागली तर माणूस तेवढ्यात पाणी पिऊन येतो. इथे मात्र बोलता बोलता दर तिसऱ्या वाक्याला कुणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखं होतं. म्हणून मला वाटतं की साध्या गेमला पैसे द्यावेत की नाही या प्रश्नाचं उत्तर गेम किती मोठा आहे यावर ठरत नाही. पैसे दिल्यावर तो मधला क्षण रिकामा मिळतो का, यावर ठरतं.

गेल्या महिन्यातल्या अपडेटपर्यंत तो मिळत होता. आता काय होतं ते एका संध्याकाळचं सांगते. मी ४० डाव खेळले आणि वही घेऊन मोजलं. ४० पैकी ११ वेळा डाव संपल्यावर 'दुसरी संधी' असा पडदा आला. मध्यभागी 'व्हिडिओ बघा' हे हिरवं बटण, बरोबर जिथे माझा अंगठा टेकलेला असतो तिथे. खाली करड्या अक्षरांत 'नको', जे काळ्यावर जेमतेम दिसतं. भोवती पाच सेकंदांचं वर्तुळ आटत जातं. मी सवयीने लगेच टॅप करते, व्हिडिओ सुरू होतो आणि तो मधे बंद करता येत नाही. बघणाऱ्याने आपणहून बघायची जाहिरात ही पद्धत वाईट नाही. २०१४ च्या 'क्रॉसी रोड'मध्येही ती होती आणि तिथे बघायचं की नाही ते खेळणारा ठरवायचा. तुमच्या पडद्यावर मात्र माझ्या वतीने माझा अंगठाच ठरवतो, तोही मला न विचारता.

त्याशिवाय सहा वेळा तुमच्याच दुसऱ्या गेम्सचे अख्खे पडदे आले. बंद करायची फुली वर उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढी. डाव्या हातात फोन धरून डाव्या अंगठ्याने तिथवर पोचून बघा एकदा. जरा चुकलं की स्टोअर उघडतं, आणि परत येईपर्यंत हाताला लागलेली लय गेलेली असते. एका बोटाचे गेम अनेकजण आवडीने खेळतात तसे काहीजण दुसरा इलाज नसतो म्हणून खेळतात. मी सहाच आठवडे तशी होते. ज्यांचा एकच हात चालतो त्यांना ही फुली रोज गाठायची आहे.

आता तुमच्या त्या तिसऱ्या उत्तराकडे येते. त्यात दोन गोष्टी लिहिल्या आहेत. पहिली : 'आमच्या इतर गेम्सची माहिती ही जाहिरात नसून शिफारस आहे.' दुसरी : 'तुमची जुनी खरेदी जुन्या आवृत्तीतील जाहिरातींना लागू होती; संपूर्ण अखंड अनुभवासाठी साप्ताहिक सदस्यत्व घ्यावे.' पहिलं वाक्य मी भावाला वाचून दाखवलं. तो इतका हसला की मला फोन त्याच्या हातातून काढून घ्यावा लागला. पूर्ण पडदा व्यापणारी, 'आता डाउनलोड करा' म्हणणारी आणि फुली शोधायला लावणारी वस्तू जाहिरात नसेल तर जाहिरात म्हणजे काय, ते एकदा कळवा.

दुसऱ्या वाक्याचं मला हसू आलं नाही. स्टोअरमध्ये एकदाच पैसे भरून करायची खरेदी दोन जातींची असते. नाणी, हिरे, जीव हे वापरून संपतात. जाहिराती काढणं किंवा पूर्ण गेम उघडणं ही एकदा घेतली की आपली राहणारी खरेदी. फोन बदलला तरी ती परत मिळावी म्हणूनच 'खरेदी पुन्हा मिळवा' हे बटण असतं. नव्या फोनवर मी ते दाबलं तेव्हा 'खरेदी सापडली' असं तुमचाच गेम म्हणाला, आणि दोन डावांनंतर 'शिफारस' आली. म्हणजे मी पैसे भरल्याची नोंद तुमच्याकडे आहे. त्या पैशांचा अर्थ तेवढा तुम्ही मागाहून बदललात. आणि हे साप्ताहिक सदस्यत्व! आकडा छोटा दिसतो खरा, पण वर्षात आठवडे ५२ असतात. मी कायमसाठी जेवढे भरले होते तेवढे इथे तिसऱ्या आठवड्यातच संपतात.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. बहुतेक लोक कधीच पैसे भरत नाहीत. जे भरतात त्यातून स्टोअर आपला हिस्सा कापून घेतं, कित्येकदा तीस टक्के. वर फोनच्या प्रणाली बदलत राहतात. २०१७ मध्ये आयफोनच्या प्रणालीची अकरावी आवृत्ती आली आणि ३२-बिट, म्हणजे जुन्या धाटणीची ॲप्स चालायची थांबली. ज्यांना अपडेट मिळालं नव्हतं असे विकत घेतलेले साधेसुधे गेमही त्यात गेले. म्हणजे एकदा पैसे घेऊन गेम जन्मभर चालू ठेवायचा हे सोपं नाही, मान्य. मग नवी वर्तुळं करा, नवा गेम काढा, त्याची किंमत सांगा. आवडला तर मी घेईन. विकलेली वस्तू अर्धी परत काढून घेऊन तिचंच भाडं मागू नका.

आता टॅपबद्दल. ही तक्रार मला जास्त लागली, आणि तिचा तुमच्या उत्तरात उल्लेखच नाही. अपडेटनंतर ठिपका उशिरा सुटतो. आधी वाटलं माझ्याच मनाचे खेळ, उच्चांक गाठता येत नाही म्हणून दोष गेमला. म्हणून मोजलं. जुन्या फोनवर तुमची जुनी आवृत्ती अजून आहे, नव्या फोनवर नवी. भावाच्या फोनच्या स्लो मोशन कॅमेऱ्याने, सेकंदाला २४० चौकटींच्या (फ्रेम्सच्या) वेगाने, दोन्हींवरचे दहा-दहा टॅप चित्रित केले आणि बोट काचेला टेकल्यापासून ठिपका सुटेपर्यंतच्या चौकटी एकेक करून मोजल्या. जुन्यावर सरासरी १७. नव्यावर ३३. दोष नव्या फोनचा नाही ना, हे बघायला त्याच नव्या फोनवर दुसऱ्या कंपनीचा एक टॅपचाच गेम लावला. तिथे १६ आल्या.

म्हणजे साधारण १६ चौकटींचा, सेकंदाच्या पंधराव्या भागाचा जादा उशीर. क्षुल्लक वाटेल. पण तुमचा ठिपका सेकंदात एक फेरी मारतो, म्हणजे तेवढ्यात तो २४ अंश पुढे गेलेला असतो. चाळीसाव्या वर्तुळानंतर पुढचं वर्तुळ इतकं लहान होतं की २४ अंशांनी नेम सपशेल हुकतो. भाऊ चौकटी मोजून कंटाळला होता, पण शेवटी म्हणाला की हा गेम बिघडलाय. दीड वर्षात त्याच्या तोंडून तुमच्याबद्दल निघालेला हा पहिला गंभीर शब्द. उशीर कशामुळे होतो ते शोधणं तुमचं काम. मला एवढंच दिसतं की 'शिफारशी' आणि हा उशीर एकाच अपडेटमधून आले.

माझी मागणी अशी. ज्यांनी 'जाहिराती कायमच्या काढा' घेतलं आहे त्यांना 'दुसरी संधी' आणि 'शिफारस' हे दोन्ही पडदे दिसता कामा नयेत, आणि त्यासाठी सदस्यत्वाची अट नसावी. टॅपचा उशीर पूर्वीइतका करावा. हे पंधरा दिवसांत जमणार नसेल तर माझे पैसे परत करावेत. पैसे परत मिळाले म्हणून गेम काढून टाकण्याचा माझा विचार नाही, हे आधीच सांगून ठेवते. फुकट खेळणाऱ्यांत जाऊन बसेन आणि जाहिरातीला जाहिरात म्हणेन. छापील उत्तर पुन्हा पाठवणार असाल तर नाही पाठवलंत तरी चालेल.

जुन्या फोनची बॅटरी फुगायला लागली आहे. तुमची जुनी आवृत्ती माझ्याकडे फार दिवस टिकेल असं वाटत नाही, तेव्हा पडताळणीसाठी ती हवी असेल तर लवकर कळवा.

आपली,
पैसे भरलेली एक ग्राहक

सोबत : खरेदीची पावती, त्या संध्याकाळचे १७ स्क्रीनशॉट, तिन्ही चित्रफिती.

ता. क. : जुन्या फोनवर काल रात्री २०७ झाले. नव्यावर अजून ३८ च्या पुढे गेलेले नाहीत.