माझे आक्षेप वेगळ्या पानावर आहेत

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करीन." मी "उद्या बोलू" म्हणून फोन ठेवला. ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं. चार वर्षं स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी अजून बापाला विचारते, याचं समाधान मोठं असतं. पण दिवा मालवल्यावर एक गोष्ट लक्षात आली आणि झोप उडाली. तू त्या लांबच्या प्रकल्पातल्या नव्या कामाबद्दल, तिथल्या प्रमुखांबद्दल, दोन वर्षांच्या मुदतीबद्दल सांगत होतीस, तेव्हा माझं उत्तर केव्हाच तयार झालं होतं. जाऊ नकोस. तुझं बोलणं अर्ध्यावरही आलं नव्हतं. मी ऐकत होतो ते एवढंच, की तू लांब जाणार.

असं उत्तर मी तुला सल्ला म्हणून दिलं असतं आणि तू ते मानलंही असतंस, कारण ते बाबांचं होतं. म्हणून फोन केला नाही, लिहायला बसलो. जा किंवा जाऊ नकोस, यातलं काहीही या पत्रात नाही. त्याने तुझी निराशा होईल, हे मला माहीत आहे.

उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या चार्ल्स डार्विनच्या तरुणपणीची एक हकिकत सांगतो. 1831 च्या ऑगस्टमध्ये तो 22 वर्षांचा होता. 'बीगल' नावाच्या जहाजावरून जगप्रवासाला निसर्गअभ्यासक म्हणून येतोस का, असं विचारणारं पत्र त्याच्या घरी येऊन पडलं होतं. वडील डॉक्टर, नावाजलेले. मुलाने धर्मोपदेशक व्हावं असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी साफ नकार दिला. पण नकार देताना त्यांनी एक वाक्य जोडलं: जायला सांगणारा एक तरी समंजस माणूस तुला भेटला, तर मी परवानगी देईन. डार्विनने नकाराचं पत्र धाडून दिलं आणि तो मामाकडे निघून गेला.

मामाने काय केलं ते बघ. जोसाया वेजवुड हे त्याचं नाव. "माझा भाचा हुशार आहे, जाऊ द्या" असं त्याने नुसतं म्हटलं नाही. वडिलांचे आक्षेप त्याने भाच्याकडून कागदावर लिहून घेतले. आठ निघाले. पुढे धर्मोपदेशक व्हायचं तर ही भटकंती शोभणार नाही. बेत अविचारी आहे. ही जागा आधी दुसऱ्यांना देऊ केली असणार, त्यांनी नाकारली त्या अर्थी जहाजात किंवा मोहिमेत काहीतरी खोट आहे. परत आल्यावर हा कधी स्थिर होणार नाही. असे आठ. मामाने एकेक घेऊन उत्तर लिहिलं. जहाजाबद्दल म्हणाला, आरमारखातं अशा कामाला वाईट जहाज पाठवील असं मला वाटत नाही. पण मुलगा स्थिर होईल की नाही, या आक्षेपापाशी आल्यावर त्याने वडिलांना लिहिलं, चार्ल्सचा स्वभाव तुम्ही माझ्यापेक्षा चांगला ओळखता. या प्रवासाने तो बिघडेल असं तुम्हाला खरोखर वाटत असेल तर तो आक्षेप वजनदार आहे.

ही जागा मी पुन्हा पुन्हा वाचली. ज्याला भाच्याची बाजू लढवायची होती, तो माणूस मध्येच थांबून सांगतो की इथे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. सोनू, सल्ला देणाऱ्यात मी आता पहिल्यांदा हेच शोधतो. आपल्याला कुठपर्यंत दिसतं, हे तो स्वतःहून सांगतो का? सगळ्याच गोष्टींवर सारख्याच ठामपणे बोलणारा माणूस कितीही जवळचा असो, त्याचं बोलणं मी ऐकतो आणि बाजूला ठेवतो.

वडील तयार झाले. 27 डिसेंबर 1831 ला जहाज निघालं. दोन वर्षांचा म्हणून ठरलेला प्रवास जवळजवळ पाच वर्षं चालला. तो परतला तो 2 ऑक्टोबर 1836 ला. (तुझ्या दोन वर्षांचाही हिशेब याच अंगाने कर. मुदती लांबतात. तीन वर्षं लागली तर काय, याचं उत्तर आजच तयार ठेव.) आणि जो मुलगा कधी स्थिर होणार नाही अशी भीती होती, त्याने नंतर आपला देश पुन्हा सोडलाच नाही. आयुष्याची शेवटची 40 वर्षं तो एकाच घरात राहिला.

यात वडील मूर्ख ठरले असं मला म्हणायचं नाही. त्यांचं मुलावर प्रेम होतं, आणि मुलाला ते ओळखत होते. जहाज, मोहीम, आरमार यांतलं मात्र त्यांना काही माहीत नव्हतं. प्रेमाच्या जोरावर ते माहीत नसलेल्या गोष्टीवर निकाल देत होते. मी परवा रात्री तेच करणार होतो. तुझ्या क्षेत्रातलं मला काय कळतं? तू लहानपणी परीक्षेच्या आदल्या रात्री कशी वागायचीस, अपयश आल्यावर तुला सावरायला किती दिवस लागतात, कोणत्या माणसांसमोर तू गप्प होतेस, हे मला कळतं. तेवढ्यापुरतं मला जरूर विचार. त्यापलीकडे माझं मत म्हणजे माझी काळजी आहे.

आता दुसरी गोष्ट, जी मला महागात पडली. निवृत्तीनंतर मी एका विमा योजनेत पैसे गुंतवले होते, ते तुला ठाऊक आहे. कसे गुंतवले, ते मी कधी सांगितलं नाही. विकणारा गृहस्थ घरी यायचा, तब्येतीची चौकशी करायचा, मला काका म्हणायचा. एकदा तो आपणहून म्हणाला, "काका, यात मला कमिशन मिळतं, ते मी लपवत नाही." त्या एका वाक्यावर मी सही केली. इतका सरळ माणूस फसवणार कसा, असं मला वाटलं. योजना माझ्या वयाच्या माणसासाठी नव्हतीच, आणि मध्येच बाहेर पडताना बरंच नुकसान झालं. पुष्कळ दिवस मी स्वतःला दोष देत राहिलो. मग 2005 सालचा एक प्रयोग वाचनात आला. केन, लोवेन्स्टाइन आणि मूर या तिघा संशोधकांनी काही लोकांना बरणीतल्या नाण्यांची एकूण किंमत ओळखायला सांगितली होती. बरणी जवळून बघणारे सल्लागार वेगळे. त्यांच्यातल्या काहींचा फायदा समोरच्याने आकडा जास्त सांगण्यात होता. हा फायदा उघड करायला लावल्यावर सल्लागारांनी आकडे आणखी फुगवले, आणि ऐकणाऱ्यांनी त्या मानाने ते पुरेसे कमी धरले नाहीत. म्हणजे "माझा यात फायदा आहे" हे कबूल केल्याने सल्ला शुद्ध होत नाही. कबुली ऐकून आपण निश्चिंत होतो, एवढंच होतं.

तेव्हा ज्याला विचारशील त्याच्याबद्दल मनात एक प्रश्न ठेव: मी याचं ऐकलं तर याचं काय होईल, आणि नाही ऐकलं तर काय होईल? तुझे आत्ताचे साहेब "राहा" म्हणतात. तू गेलीस तर तुझी जागा त्यांना भरावी लागेल. तिकडचे प्रमुख "ये" म्हणतात. त्यांना माणूस हवा आहे. दोघंही खोटं बोलत नसतील. पण दोघांकडून निवाडा घेऊ नकोस, माहिती घे. बापालाही हाच प्रश्न लाव. तू राहिलीस तर मला तू दर महिन्याला दिसणार आहेस. माझा फायदा उघड आहे, आणि आत्ताच सांगितलं तसं, तो कबूल केल्याने माझा सल्ला शुद्ध होत नाही.

मग विचारायचं कुणाला? जे आज ते काम करत आहेत त्यांना. हे इतकं साधं आहे की आपण ते टाळतो. डॅनियल गिल्बर्ट हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांचा 2009 सालचा अभ्यास आहे. एका तरुणाशी होणारी काही मिनिटांची भेट आपल्याला किती आवडेल, याचा अंदाज काही तरुणींना करायचा होता. काहींना त्या तरुणाचा फोटो आणि माहिती दिली. काहींना फक्त एवढंच सांगितलं की आधी भेटलेल्या एका अनोळखी मुलीला ती भेट किती आवडली. अंदाज दुसऱ्या गटाचे जास्त बरोबर आले. तरीही बहुतेकींना वाटत राहिलं की फोटो आणि माहितीच जास्त उपयोगी पडली असती. आपण वेगळे आहोत, दुसऱ्याचा अनुभव आपल्याला लागू होणार नाही, ही समजूत फार खोल असते.

त्या प्रकल्पात असलेल्या दोघीतिघींना फोन कर. "कसं आहे?" असं विचारू नकोस, त्याला सगळे "छान" म्हणतात. सोमवारी सकाळी पहिले दोन तास काय करता? चूक झाली तेव्हा प्रमुख काय म्हणाले? शेवटची सुट्टी कधी घेतली? कोण सोडून गेलं? आणि जो सोडून गेला त्याचा नंबर माग. त्याच्याशी बोलल्याशिवाय ठरवू नकोस. तो कडवटपणे बोलेल, तर तेवढं वजा करून ऐक. पण तो जे सांगेल, ते तिथे राहिलेले लोक सांगू शकत नाहीत.

घरातल्या मंडळींविषयीही लिहायला हवं. काका नको म्हणाले, मग आत्या, मग मावशी, आणि तू मला म्हणालीस, "सगळ्यांचंच मत नको असं आहे." मी चौकशी केली. काकांनी आत्याला सांगितलं, आत्याने मावशीला. ती तीन मतं नाहीत, एकच मत तीन घरं फिरून आलं. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅशने 1951 च्या सुमारास केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. कागदावरच्या रेषांपैकी कोणती दिलेल्या रेषेएवढी, एवढंच सांगायचं. एकटा माणूस यात सहसा चुकत नाही. पण आधी बोलणाऱ्या सगळ्यांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं, की सुमारे एक तृतीयांश वेळा तोही डोळ्यांना दिसणारं सोडून त्यांच्या बाजूने गेला. त्या घोळक्यात एकाने जरी खरं उत्तर दिलं, तरी हे प्रमाण झपाट्याने उतरत होतं. म्हणून ज्यांना विचारशील त्यांना वेगवेगळं विचार, आणि एकाचं मत दुसऱ्याला आधी सांगू नकोस. विरुद्ध बोलणारा एखादा सापडला, तर त्याच्याजवळ जरा जास्त वेळ बस.

"ऐकावे जनाचे, करावे मनाचे" असं आपण सहज म्हणतो. पण मन म्हणजे परवा रात्री साडेअकराला जे वाटलं ते नव्हे. थकलेली असताना, नुकतीच कुणाची बोलणी खाल्लेली असताना, किंवा कुणी खूप कौतुक केलेल्या दिवशी काही ठरवू नकोस. गेल्या वर्षी तुझी मैत्रीण नोकरी सोडू की नको म्हणत रडत आली होती, आठवतं? मी आतल्या खोलीत होतो. अर्धा तास तू तिला एकही सल्ला दिला नाहीस. तू विचारत होतीस: किती महिने पुरतील एवढे पैसे आहेत? साहेब बदलले तर राहशील का? इथून पळायचं आहे की तिथे जायचं आहे? मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता. माणूस दुसऱ्याच्या पेचाकडे स्वतःच्या पेचापेक्षा शहाणपणाने बघतो, हे 2014 च्या एका अभ्यासातही दिसलं आहे, आणि स्वतःचा प्रश्न लांबून, परक्याचा असल्यासारखा पाहिला की ही तफावत भरून निघते. एक संध्याकाळ तुझा प्रश्न त्या मैत्रिणीचा आहे असं समज आणि तेच प्रश्न स्वतःला विचार. उत्तरं लिहून काढ. नुसत्या विचारात आपण अडचणीची उत्तरं वगळून पुढे जातो.

कार्यालयात बिनपगारी रजेचं विचारलंस का? परत यायची वाट उघडी राहणार असेल तर एवढं घाबरायचं कारण उरत नाही, आणि बंद होणार असेल तर अजून आठ दिवस मागून घे. जे काही ठरेल ते लेखी घे.

सोबतच्या पानावर माझे आक्षेप लिहिले आहेत. पाच निघाले. पहिला मुदतीचा, दुसरा पैशांचा. ते मोजता येण्यासारखे आहेत, मोजून बघ. तिसरा तुझ्या तब्येतीचा; तो मी तुला ओळखतो म्हणून लिहिला आहे, त्याला उत्तर शोध. चौथा त्या संस्थेच्या भवितव्याबद्दल आहे. त्यातलं मला काहीही माहीत नाही, म्हणून ज्यांना माहीत आहे त्यांना ते पान दाखव. पाचवा, घर रिकामं होईल. तो खोडून टाकणार होतो, मग तसाच ठेवला, कारण परवाचं माझं सगळं उत्तर तिथूनच आलं होतं. त्याला तू उत्तर द्यायचं नाहीस. तो माझ्याकडे राहील.

आईचं पत्र वेगळ्या पाकिटात आहे. तिने काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही, आणि हे तिला वाचू दिलेलं नाही.

तुझा,
बाबा