आठवीत किती होती ते विचार

सोलापूर,
जानेवारीअखेर

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. काकूंच्या गुडघ्याचं ऐकलं. तू बिऱ्हाड इकडे हलवायचं ठरवलंस ते बरंच केलंस. जुळे सोलापुरातलं घर बंद ठेवून तरी किती वर्षं ठेवणार होतास?

सोलापुरातली एक नंबरची शाळा कुठली, हा तुझा प्रश्न मी फोनवर टाळला, कारण चहाच्या टपरीवर त्याचं उत्तर ठरलेलं असतं. एक जण हदे (हरिभाई देवकरण) म्हणतो, दुसरा कुचन, तिसरा सेवासदन, आणि प्रत्येक जण स्वतः किंवा त्याची बायको जिथं शिकली तिचंच नाव घेतो. (सेवासदन मुलींची, तेव्हा तुझ्या चिरंजीवाला तिथं वाव नाही.) पोरीच्या वेळी मी बऱ्याच शाळांच्या पायऱ्या चढलो. नावाचा उपयोग एवढाच, की पत्ता विचारावा लागत नाही. तेव्हा शाळेचं नाव मी सांगणार नाही, तुला राग आला तरी. काय बघायचं ते सांगतो.

आधी एक गोष्ट ठरवून टाक. पोराला आठवीलाच इकडे आण. "आठवी पुण्यात होऊ दे, नववीला बघू" असं वहिनी म्हणाल्या असतील तर त्यांना हे वाचून दाखव. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायदा पाठीशी असतो. प्रवेशासाठी पोराची परीक्षा घेता येत नाही, देणगी मागता येत नाही, आणि आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अनुदानित शाळा त्याला परत पाठवू शकत नाही. आता आठवीच्या वार्षिक परीक्षेतही नापास करता येतं हे खरं, पण आधी फेरपरीक्षा द्यावी लागते. नववीत या कायद्यातलं काहीच लागू नाही. नववीला दारात उभा राहिलास की मुख्याध्यापक आधी मार्कांचा कागद मागतात आणि मग तुझ्याकडे बघतात.

आणि नववी हीच खरी गोम आहे बे.

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे चौकाचौकांत फ्लेक्स लागतात ते तुला ठाऊक आहे. सात रस्त्यापासून आसऱ्यापर्यंत "शंभर टक्के निकालाची परंपरा". पण ती टक्केवारी निघते परीक्षेला बसलेल्या पोरांवर, आणि कोण बसणार हे काही शाळा नववीतच ठरवतात. कच्चं पोरगं नववीत अडकवायचं, किंवा बापाला बोलावून खुर्ची द्यायची आणि गोड आवाजात सांगायचं, "दाखला घेऊन जा, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसू द्या, त्याच्यावरच ताण कमी होईल." आमच्या गल्लीतल्या एका यंत्रमाग कामगाराच्या पोराचं असंच झालं. बापाला वाटलं, शाळा आपल्या भल्याचं सांगते. पोरगं वर्षभर घरी बसलं, मग टॉवेलच्या कारखान्यात गेलं, फॉर्म भरायचा राहूनच गेला. त्या शाळेच्या फ्लेक्सवर त्या वर्षीही शंभर टक्केच होते.

म्हणून निकाल विचारू नकोस. दोन वर्षांपूर्वी आठवीत किती पोरं होती आणि त्यातली किती यंदा दहावीला तुमच्याच शाळेतून बसतायत, हे विचार. पोरं बदलीनं जातात, गावी जातात, थोडी गळती सगळीकडे असते. पण आठवीत दोन तुकड्या आणि दहावीत एकच, असं असेल तर मधली पोरं गेली कुठं? मी विचारलं तेव्हा एका ठिकाणी मला ऐकायला मिळालं, "असले प्रश्न पालक विचारत नसतात." दुसऱ्या ठिकाणी बाईंनी क्लार्कला हाक मारून रजिस्टरच मागवलं, बोट ठेवून दाखवलं, आणि कुठलं पोरगं ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर गेलं, कुठल्या पोरीचं घरच्यांनी लग्न ठरवलं होतं आणि ते यांनी जाऊन कसं थांबवलं, तेही सांगितलं. निकाल त्या शाळेचा काही शंभर नव्हता. पोरगी तिथंच आहे.

दुसरा प्रश्न शिक्षकांचा. तू म्हणशील, अनुदानित शाळेत पगार सरकार देतं, मग शिक्षक असणारच. तसं राहिलेलं नाही. २०१२ ला भरती थांबली, नंतर शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आलं, तरी जागा भरायला वर्षानुवर्षं जातात. शिवाय किती जागा मंजूर ते संचमान्यतेत पटावरून ठरतं. पट घसरला की जागा जाते, शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचं समायोजन दुसरीकडे होतं. मागं उरलेला इतिहासाचा माणूस मग आठवीला विज्ञान शिकवतो. काही ठिकाणी तासिकेवर पोरंपोरी घेतलेली असतात. शिकवतात चांगली, पण दिवाळीनंतर टिकतील याची खात्री त्यांनाही नसते. तेव्हा थेट विचार, नववी-दहावीला गणित आणि विज्ञान कोण शिकवतं, ते कायम आहेत का, आणि निवृत्त कधी होतायत. निवृत्तीचं विचारायला लाजू नकोस. तुझा पोरगा दहावीत असताना गणिताचे सर पेन्शनीत गेले तर लाज काय कामाची?

आता वहिनींची खरी काळजी. सीबीएसईतला इंग्रजी माध्यमाचा मुलगा राज्य मंडळाच्या शाळेत कसा बसेल? सेमी इंग्रजीची तुकडी बघ. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. गणित-विज्ञानाची त्याला अडचण येणार नाही. अडचण येईल ती इतिहास-भूगोलात. पुण्यात त्याला मराठी विषय असेल, पण तो आठवड्याच्या चार तासांचा. इथं भूगोलाच्या पेपरात मराठीत कारणं लिहायची आणि हात भराभर चालला पाहिजे. दहावीला भाषांचे पेपर ८० मार्कांचे आणि २० अंतर्गत. गणित आणि विज्ञानाचे ४०-४० चे दोन-दोन पेपर आणि वर २०. इतिहास-राज्यशास्त्र ४०, भूगोल ४०, तिथंही वर २०. टक्केवारी सगळ्यात चांगल्या पाच विषयांची धरतात, त्यामुळं एखादा विषय लंगडला तरी निभावतं. पण मराठी लिहिण्याचा वेग लंगडला तर तो एका विषयापुरता राहत नाही. आतापासून मे महिन्यापर्यंत रोज त्याच्याकडून एक पान मराठी लिहून घे. क्रिकेटच्या मॅचवर लिहू दे, काकूंना पत्र लिहू दे, काहीही. बालभारतीच्या वेबसाइटवर आठवीची सगळी पुस्तकं फुकट आहेत, ती त्याला आत्ताच चाळू दे. हिंदी पूर्ण घ्यायचं, हिंदी-संस्कृत संयुक्त घ्यायचं की पूर्ण संस्कृत, हेही आठवीतच विचारतात. संस्कृतला मार्क पडतात म्हणून लोक धावतात, पण त्या शाळेत संस्कृतचा शिक्षक आहे का ते आधी बघावं.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण तुला त्याची फिकीर नाही. अनुदानित शाळेत फी नावापुरती असते, आठवीपर्यंत पुस्तकं मोफत, आठवीपर्यंतच पोषण आहार. बाकी शाळेला पगाराव्यतिरिक्त मिळणारं अनुदान इतकं तुटपुंजं असतं, की खडू, वीजबिल, झाडूवाली यांसाठी त्या पालकांकडे हात पसरतात. मी देतो, पावती घेऊन देतो. पावती न देणाऱ्याला देऊ नकोस. आमच्यासारख्यांसाठी एक गोष्ट मात्र मोठी आहे, ती म्हणजे आठवीतली एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा. वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि पोरगं शासकीय, पालिकेच्या, झेडपीच्या किंवा अनुदानित शाळेत असेल तरच बसता येतं. मिळाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या पोराला ती नाहीच. पोरगी यंदा बसलीय, निकालाची वाट बघलालोय. तुझा पगार बघता तुझ्या पोराला ती लागू नाही, पण शाळा पोरांना तिच्यासाठी बसवते का, त्यासाठी वेगळा तास घेते का, हे जरूर विचार. स्वतःचा काही फायदा नसताना शनिवारी दुपारी थांबून शिकवणारे सर ज्या शाळेत आहेत, तिथं बाकीचंही बरं असतं.

अंतर. मी यात हट्टी आहे. होटगी रोडला नवीन शाळा झाल्यात, चकाचक आहेत, बसही येते. पण एप्रिलमध्ये आपला पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, आणि विजापूर रोडवर जड गाड्यांमधून सायकल घालणारी पोरं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. जुळे सोलापुरातून सायकलवर, मोठा रस्ता न ओलांडता जाता येईल अशी शाळा निघाली, तर नावाला नवी पेठेतली नको. रिक्षावाल्या मामांवर महिन्याचे पैसे घालण्यापेक्षा ते बरं. शिवाय जवळच्या शाळेतले मित्र गल्लीतलेच असतात. नव्या गावात आलेल्या तेरा वर्षांच्या पोराला ते गणितापेक्षा जास्त लागतं.

मित्रांवरून आठवलं. वर्गात घरी तेलुगू बोलणारी पोरं असतील, कन्नड बोलणारी असतील, दखनी बोलणारी असतील. आपल्या वेळी होती तशीच. वहिनींना ते पहिल्यांदा वेगळं वाटेल. दोन महिन्यांत पोरगा "काय करलालास बे" म्हणेल, तेव्हा पुण्याच्या आजोळचे लोक घाबरतील, त्यांना तू सांभाळ.

शाळेत गेलास की मुख्याध्यापकांच्या केबिनमधल्या ढाली बघत बसू नकोस. पाण्याच्या टाकीकडे जा. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, मधल्या दिवसांत शाळा काय करते ते बघ. मुतारीत स्वतः जाऊन ये. प्रयोगशाळेच्या कुलपावर धूळ आहे का बघ. मधल्या सुट्टीत उभा राहा आणि शिक्षक पोरांशी कसे बोलतात ते ऐक. अनुदानित शाळेतही शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात पाऊण सदस्य पालक असायला हवेत. त्यातल्या एकाला गाठ. बोर्डावर नावं लिहिलेली असतात. त्याला विचार, शेवटची बैठक कधी झाली. "कसली बैठक?" असं उत्तर आलं तर ती शाळा सोडून पुढच्या शाळेकडे वळायला हरकत नाही.

खासगी क्लासचं मी मुद्दाम काही लिहीत नाही. सगळे लावतात, तूही लावशील. फक्त शाळेतलेच सर संध्याकाळी त्याच पोरांचा क्लास घेत असतील तर त्या शाळेपासून लांब राहा.

कागदपत्रं: पुण्याच्या शाळेतून दाखला घेताना त्याच्यावरचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं नाव अक्षरनअक्षर जुळतंय का ते तिथंच काउंटरवर बघ. तुझ्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं आहे हे मला आठवतं. आधार जुळलं नाही तर पोरगं पटावर धरताना शाळेला अडचण येते, आणि पटावर शिक्षकाची जागा अवलंबून, म्हणून त्या नावासाठी तुला हेलपाटे घालायला लावतील. यूडायसमधली (शाळांच्या सरकारी नोंदवहीतली) त्याची नोंद ऑनलाइन इकडे वर्ग करायला लागते, त्या नोंदीचा नंबर लिहून आण. जातीचा दाखला काढला नसेल तर आत्ता काढ. दहावीनंतर सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही.

आणि बघायला मे महिन्यात येऊ नकोस. तेव्हा इमारत दिसते, शाळा दिसत नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ये. त्यानंतर बोर्डाच्या परीक्षा लागतात, केंद्र असलेल्या शाळांत खालच्या वर्गांच्या वेळा विस्कटतात. शनिवार टाळ, सकाळची शाळा असते, आपण पोचेपर्यंत सुटते. सोमवारच्या संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं ये, मंगळवार-बुधवार दोन दिवस रजा टाक. पोराला घेऊनच ये, तिथं त्याला बसायचंय. जवळच्या तीन शाळा मी काढून ठेवल्यात, पायी बघून होतील. गड्ड्याची जत्रा तोवर उठलेली असेल, पण शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बाराही महिने आहे, वहिनींसाठी बांधून देतो.

तिकीट काढलंस की कळव, म्हणजे मला पाळी बदलून घेता येईल. काकूंना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझा,
शेवटच्या बाकावरचा दोस्त