रंगवलेली तबकडी मूळ नव्हे

मा. संपादक,

पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेली जुनी मनगटी घड्याळे जमवणाऱ्यांनी चकाकीला भुलू नये, असे कळकळीने सांगावेसे वाटते. १९६०च्या दशकात तबकडी अंधारात उजळावी म्हणून लावायच्या लेपात रेडियमऐवजी ट्रिटियम या किरणोत्सारी पदार्थाचा वापर रूढ झाला; त्याचे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्म्यावर येण्याचा काळ) सुमारे १२.३ वर्षे असल्याने त्या काळच्या तबकडीवरील ठिपके आज अंधारात जवळजवळ उजळत नाहीत, आणि जे रात्रभर लख्ख दिसतात त्यांवर नंतर नवा लेप चढवल्याची शक्यता दाट असते. मी घेतलेल्या एका घड्याळाचे ठिपके सायीसारखे पिवळसर, तर काटे पांढरेशुभ्र होते. भिंगाखाली अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसल्या, म्हणजे तबकडी नंतर रंगवलेली होती. विक्रेत्याने याबद्दल अवाक्षर काढले नव्हते. ओरखडे असलेली मूळ केस (घड्याळाचे बाहेरचे कवच) मला अधिक मोलाची वाटते, कारण पॉलिशमध्ये झिजलेले कंगोरे परत येत नाहीत.

— एक संग्राहक, पुणे