वसुलीलाही वेळेचं बंधन आहे

संपादक महोदय,

कर्जमाफीची चर्चा पीककर्जापाशीच थांबते. बायकांच्या नावावरच्या मायक्रोफायनान्स कर्जाचं, म्हणजे तारण न घेता दिलेल्या छोट्या कर्जाचं काय? परवा शेजारच्या काकूंच्या ओट्यावर एका कंपनीचा वसुलीवाला रात्री आठ वाजता ठाण मांडून बसला. तव्यावरची भाकरी करपली, तरी तो हलेना. शेवटी काकूंनी दुकानदाराकडून उसने आणून हप्ता भरला.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांनुसार अशा कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोनसुद्धा करता येत नाही. हप्ता भरायच्या ठरलेल्या जागी कर्जदार लागोपाठ दोनदा आला नाही, तरच घरी यायचं. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत, असंही बंधन आहे. काकूंकडे तीन कंपन्यांची कर्जाची कार्डं आहेत. हिशोब कुणी केला, देव जाणे!

सावकाराने गिळलेली जमीन परत मिळवायची तरतूद राज्याच्या २०१४च्या सावकारी कायद्यात आहे. त्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागतो, हेही गावात फारसं कुणाला ठाऊक नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एवढं तरी मराठीत लिहा.

– एक वाचक, जि. बीड