शेजारच्या मंडळाच्या साऊंडवाल्या काकांना

काका, स. न. वि. वि.

गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे आभार असे जाहीरच मानतो.

गिरगावातल्या आमच्या चाळीत गणपतीचं कीर्तन रंगलं होतं. हिरण्यकश्यपूने खांबाला लाथ मारली, बुवांनी पाणी प्यायला कॉलर माइक बंद केला, आणि आता नरसिंह प्रकटणार तोच आमच्या स्पीकरमधून तुमच्या मंडळाची घोषणा आली, 'गेटसमोरची लाल स्कूटर कोणाची आहे, ताबडतोब काढून घ्या.' म्हाताऱ्या आज्यासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. आमची पोरं मात्र हा तुमचा खोडसाळपणा समजून भांडायला निघाली होती. ज्याच्याकडून हा बिनतारी माइकचा सेट भाड्याने आणला तो फोनवर म्हणाला, 'सिझनमध्ये असं चालायचंच.'

तुम्ही आलात आणि पहिल्यांदा आमचे दोन्ही माइक बंद करायला लावलेत. तरी माइकचा आवाज पकडणाऱ्या रिसीव्हरवरचा सिग्नलचा दिवा जळतच होता! दोन्ही मंडळांचे सेट एकाच बनावटीचे, दोन्ही कारखान्यातून आले त्याच चॅनेलवर. हे माइक एफएमवर चालतात आणि एफएममध्ये जोरदार सिग्नल दुबळ्याला दाबतो, म्हणून बुवा बोलत असेपर्यंत काही कळलं नाही. ते थांबले की तुमच्या माइकला रान मोकळं.

त्यात माझीही करामत होती. रेंज वाढावी म्हणून स्क्वेल्च, म्हणजे दुबळे सिग्नल बाहेरच अडवणारा स्क्रू, मीच शून्यावर आणला होता. दाराची कडीच काढून ठेवली म्हणा ना. तुम्ही खिशातल्या पेचकसने तो हळूहळू चढवलात आणि मला माइक घेऊन चौकाच्या पार टोकाच्या नळापर्यंत चालायला लावलंत. जास्त चढवला तर आपलाच आवाज तुटतो, हे तिथे कानांनी कळलं.

मी विचारलं, 'टोन की चालू केली की भागेल ना?' माइक आवाजाबरोबर ३२ किलोहर्ट्झच्या आसपासचा एक सूर पाठवतो. माणसाला २० च्या वरचं ऐकू येत नाही, पण तो सूर नसेल तर रिसीव्हर तोंड उघडत नाही. तुम्ही ती चालू केलीत, पण हसलात. 'अरे, आमचा माइकही तोच सूर लावतो. जुळ्या भावाला वॉचमन कसा ओळखणार?' मग तुमच्या मंडळाचे माइक मुद्दाम चालू ठेवून, आमचे बंद ठेवून स्कॅन केलंत आणि मोकळं चॅनेल शोधलंत. दुसरा माइकही त्याच ग्रुपमधल्या, म्हणजे एकमेकांना न नडणाऱ्या चॅनेलच्या संचातल्या, चॅनेलवर घेतलात. दोन माइक ६०० आणि ६०१ मेगाहर्ट्झवर एकत्र लावले तर ५९९ आणि ६०२ वरही खोट्या सिग्नलची भुतं उठतात, हा हिशेब तुम्ही प्रसादाच्या कागदी द्रोणावर मांडून दाखवलात. तो द्रोण मी जपून ठेवलाय. शेवटी स्टेजखालच्या लोखंडी पेटीमागे दडवलेला रिसीव्हर वर काढलात, अँटेना इंग्रजी व्ही सारख्या फाकवल्यात. जेमतेम वीस मिनिटं. बुवांनी खांब पुन्हा फोडला, आणि या खेपेला नरसिंहच आला.

पैसे घेतले नाहीत, दोन मोदक तेवढे घेतलेत. पुढच्या वर्षी आमचे चॅनेल नंबर आदल्या दिवशीच तुमच्याकडे पाठवू. आणि हो, तुमचा पिवळ्या मुठीचा पेचकस आमच्या हार्मोनियमच्या पेटीत सापडलाय.

तुमचा,
माइक धरून नळापर्यंत चालणारा